गुत्त्यापासून आडव्या बाटलीपर्यंत

आजचं बोलणं दारूबद्दल आहे. दारू वाईट असते हे सांगायला मी इथं बसलेली नाही. ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, कोणत्या घरात पगाराच्या दिवशी काय होतं हेही ठाऊक आहे. मला सांगायचाय तो इतिहास. आपल्या नांदेड-लातूरच्या गावांत दारूचं दुकान आलं कुठून, ते बंद करायला आपल्याआधी कोण कोण बायका उठल्या, कुणाचं साधलं, आणि कुणाचं साधून पुन्हा हातातून सुटलं.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडं रस्ता करणाऱ्याला, तळं खोदणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात. पुण्याकडं त्यालाच ठेकेदार म्हणतात. आणि दारूच्या दुकानाला म्हणतात गुत्ता. हे दोन्ही शब्द एकाच घरचे. गुत्ता म्हणजे मक्ता. दारू विकायचा हक्क सरकार हर्रास करून द्यायचं, ज्याची बोली मोठी त्याला गुत्ता मिळायचा. म्हणजे बघा, आपल्या बोलीत दारूच्या दुकानाचं नाव दारूवरून पडलेलं नाही, सरकारनं दिलेल्या मक्त्यावरून पडलंय. पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात राहू द्या. गल्लीच्या टोकाला आपल्याला दिसतो तो दुकानदार. त्याच्या पाठीशी तिजोरी असते, ती दिसत नाही.

ही तिजोरी त्या काळी हैदराबादला होती. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. नांदेड तेव्हाही जिल्हा होता. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदर जिल्ह्यात, आणि किनवट आदिलाबादमध्ये. म्हणजे आज ज्याला आपण तेलंगणा म्हणतो, कर्नाटक म्हणतो, ते आणि आपण एकाच घरात राहत होतो, आणि आबकारीचा कायदाही एकच होता. मोहाची दारू आणि शिंदी ही त्या राज्याची मोठी कमाई. जमिनीच्या महसुलानंतर ज्या बाबींवर दरबाराचा खर्च चालायचा, त्यातली आबकारी ही एक मुख्य बाब होती.

म्हणूनच १९४७ साली गंमत झाली. देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात यायला तयार नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं लढा पुकारला. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, तेच हे स्वामीजी. त्या लढ्यात झेंडे लागले, करोडगिरीचे नाके मोडले गेले, आणि गावोगाव शिंदीची झाडं तोडली गेली. मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी शाळेत सांगतात तेव्हा हे झाडांचं नुसतं एका ओळीत येतं. मला मात्र ते फार महत्त्वाचं वाटतं. शिंदीचं झाड तोडणं म्हणजे सरकारच्या थैलीला भोक पाडणं, हे तेव्हाच्या कार्यकर्त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पण त्या झाडतोडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो लढा निजामाविरुद्ध होता, व्यसनाविरुद्ध नव्हता. शिंदी काढून पोट भरणारा माणूस गरीबच होता, झाडाबरोबर त्याचीही भाकरी गेली. तेलंगणात याच कारणावरून कार्यकर्त्यांतच मतभेद झाले होते. आणि पिणाऱ्याच्या घरातल्या बाईला त्या सगळ्यात कुणी काही विचारलं नाही. त्याच्या सतरा वर्षं आधी, १९३० साली, गांधीजींनी दारूच्या दुकानांपुढं धरणं धरायचं काम खास बायकांकडं सोपवलं होतं. इंग्रजी मुलखात हजारो बायका त्यासाठी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आल्या. आपण निजामाच्या मुलखात असल्यामुळं ती शाळा आपल्या आज्यांच्या वाट्याला फारशी आली नाही.

पुढं १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. तिथं मुंबई दारूबंदी कायदा १९४९ पासून होता आणि १९५० पासून पूर्ण बंदी होती. ती बंदी मग आपल्याकडंही आली. दुकानं गेली, हातभट्ट्या आल्या. साठच्या दशकात बंदी सैल व्हायला लागली आणि १९७३ साली देशी दारूचे नियम करून सरकारनं परवाने दिले. म्हणजे १९४० च्या सुमाराला जन्मलेल्या आपल्या एखाद्या आजीनं एका जन्मात निजामाचा गुत्ता पाहिला, दारूबंदी पाहिली, हातभट्टी पाहिली आणि परत सरकारमान्य देशी दारूचं दुकान पाहिलं. चारही वेळा तिचं मत कुणी घेतलं नाही. जाता जाता एक सांगते. आपल्या राज्यात ज्या कायद्याखाली दारूचे परवाने मिळतात, त्याचं नाव अजूनही महाराष्ट्र दारूबंदी कायदा असंच आहे. आणि तो कायदा राबवणाऱ्या खात्याचं नाव राज्य उत्पादन शुल्क. नावात बंदी आणि कामात शुल्क, असा तो संसार आहे.

आता बायका कुठं येतात ते सांगते.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल, सुकडी आणि खडी फोडायची कामं. त्याच काळात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याला, आज तो भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे, भिल्ल आदिवासी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढत होते. श्रमिक संघटना त्यांची. बायका मोर्च्यात पुढं असायच्या, घोषणा द्यायच्या. मग बायकांचं वेगळं शिबिर झालं. तिथं बसल्यावर जमिनीइतकंच बोलणं निघालं ते दारूचं आणि मारहाणीचं. बोलून त्या गप्प बसल्या नाहीत. गावागावात जाऊन दारूची मडकी फोडायला लागल्या, आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारायला लागल्या. त्यांची एकी मजुरीच्या प्रश्नावर झाली होती. मडकी फोडायचं बळ त्या एकीतून आलं.

हीच गोष्ट वीस वर्षांनी आंध्रात घडली, आणि ती मला जरा सविस्तर सांगायचीय, कारण ती आपल्या बचतगटांच्या फार जवळची आहे.

नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा नावाचं गाव आहे. आंध्रात तेव्हा सारा, म्हणजे तिकडची देशी दारू, प्लास्टिकच्या पुड्यांत भरून विकली जायची. पुडी असल्यामुळं ती दुकानातच नाही, शेताच्या बांधापर्यंत जायची. मजुरी हातात पडायच्या आधी पुडी हजर. सरकारला त्यातून मोठं उत्पन्न होतं, दरवर्षी हर्रास व्हायचा. १९९० नंतर तिथं साक्षरता मोहीम सुरू झाली. दिवसभर राबून आलेल्या बाया रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायच्या. नवसाक्षरांच्या त्या पुस्तकात एक धडा होता, सीतम्माची गोष्ट. दारूपायी घर उद्ध्वस्त झालेली बाई आणि गावातल्या बायकांनी मिळून बंद केलेलं दुकान, अशी ती गोष्ट. धडा वाचून झाल्यावर वर्गात बोलणं निघालं, की हे तर आपल्याच गावाचं चाललंय. मग १९९२ साली दुबगुंट्याच्या बायका उठल्या आणि त्यांनी गावातली साऱ्याची विक्री बंद पाडली. वर्धिनेनी रोसम्मा हे त्यांच्यातलं पुढं गाजलेलं नाव. ती काही शिकलेली पुढारी नव्हती, शेतमजुरांच्यातलीच एक बाई होती.

ही बातमीसुद्धा धड्यात छापून बाकीच्या गावांच्या वर्गांत गेली. मग एका गावाचं दहा गावांत, दहाचं शंभरात झालं. बायका हर्रासाच्या जागी जाऊन बसायच्या, हर्रास पुढं ढकलावे लागायचे. कुठं झाडू, कुठं तिखटाची पूड. निवडणूक नाही, पक्ष नाही. शेवटी १९९३ च्या १ ऑक्टोबरला सरकारनं राज्यभर सारा बंद केला. पुढच्या वर्षी एन. टी. रामारावांनी दारूबंदीचं वचन देऊन निवडणूक जिंकली आणि १९९५ च्या जानेवारीत सगळ्याच दारूवर बंदी आली. पुड्यांतून सारा विकायची योजना याच रामारावांच्या आधीच्या कारकिर्दीतली होती, हेही इथं सांगून ठेवते. पुढारी वाईट किंवा चांगला म्हणून हे सांगत नाही. बायकांची मोजदाद बदलली की पुढाऱ्याचं गणित बदलतं, एवढं त्यातून दिसतं.

ती पूर्ण बंदी दोनच वर्षं टिकली. शेजारच्या राज्यांतून चोरटी दारू यायला लागली, तिजोरी रिकामी झाली, आणि १९९७ साली बंदी सैल झाली. त्या वेळी अनेकांनी लिहिलं की बायकांचा लढा वाया गेला. मला ते पटत नाही. कारण दारूविरुद्ध उठलेल्या नेल्लोरच्या बायकांनी तोवर दुसरं काम सुरू केलं होतं. दारूचा वाचलेला पैसा जातो कुठं, असा प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणून तिथं रोज एक रुपया बाजूला टाकायचे गट झाले. त्यांना पोदुपू लक्ष्मी म्हणायचे, पोदुपू म्हणजे बचत. आंध्रात पुढं जे लाखो बायकांचे बचतगट झाले, त्यांच्या मुळाशी ही चळवळ आहे. बंदी सैल झाली, पण गट राहिले.

आपल्याकडं उलटं आहे. आपल्याकडं गट आधी झाले. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ निघालं, ज्याला आपण माविम म्हणतो. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत बायका संवाद सहायक म्हणून घरबांधणीच्या कामावर देखरेख करायला लागल्या. सिमेंट किती, सळई कोणती, हे गुत्तेदाराला विचारायला लागल्या. त्यातून बचतगट वाढले. मग तेजस्विनी आली, उमेद आलं. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गट नाही असं गाव शोधावं लागेल. आता विदर्भातल्या गडचिरोलीकडं बघा. तिथं १९९३ साली जिल्हा दारूबंदी झाली. त्यामागं डॉ. अभय आणि राणी बंग यांचं आरोग्याचं काम होतं आणि गावोगावच्या लोकांची काही वर्षांची मेहनत होती. आरोग्य, मजुरी, अक्षरं. प्रत्येक ठिकाणी बायका आधी दुसऱ्याच कामासाठी जमल्या, आणि जमल्यावर दारूचा विषय आपोआप निघाला. नुसतं दारूबंदीसाठी म्हणून जमलेली गर्दी पहिल्या धमकीला पांगते. दर महिन्याला एकमेकींच्या पासबुकावर सही करणाऱ्या बायका तशा पांगत नाहीत.

गडचिरोलीच्या शेजारचं चंद्रपूर मात्र आंध्राच्या वाटेनं गेलं. डिसेंबर २०१० मध्ये तिथल्या हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. २०१५ साली बंदी झाली, २०२१ साली सरकारनं ती उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले हे कारण दिलं गेलं. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण चोऱ्या वाढल्या म्हणून चोरीचा कायदा कुणी रद्द करत नाही.

जिल्ह्याची बंदी सरकारच्या हातात असते. गावाचं दुकान बंद करणं आपल्या हातात आहे, आणि त्याला आपण आडवी बाटली म्हणतो. २५ मार्च २००८ चा सरकारचा आदेश आहे. गावातल्या किंवा शहरात प्रभागातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी सह्या करून अर्ज द्यायचा. सह्यांची तपासणी होते. मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद.

यातला 'एकूण' हा शब्द नीट ऐका, कारण बऱ्याच गावांचा घात त्या एका शब्दानं होतो. आलेल्या मतांपैकी निम्मी नाहीत, यादीतल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त. समजा यादीत १२०० बायका आहेत. अर्जाला ३०० सह्या लागतील. मतदानाच्या दिवशी ८०० जणी आल्या, ५९० जणींनी आडवी बाटली केली आणि २१० जणींनी उभी. सरपंचाच्या निवडणुकीत हा दणदणीत विजय झाला असता. इथं मात्र दुकान चालूच राहणार, कारण ६०१ पाहिजे होत्या. जी बाई घरीच बसली, तिचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच.

आता ही घरी बसलेली बाई कोण? लग्न होऊन सासरी गेलेली लेक, जिचं नाव माहेरच्या यादीत तसंच आहे. वारलेली म्हातारी, जिचं नाव कुणी कमी केलं नाही. आणि आपल्याकडं सगळ्यात मोठी संख्या म्हणजे ऊसतोडीला गेलेली बाई. मुखेड, कंधार, लोह्याकडची वस्तीच्या वस्ती दसरा-दिवाळीला कारखान्यावर जाते आणि उन्हाळ्यात परत येते. दारूचा सगळ्यात जास्त जाच जिला, ती मतदानाच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात फडात असते. तिचं नाव यादीत, ती कोपीत. म्हणून अर्ज कधी द्यायचा याला फार महत्त्व आहे. अर्ज, तपासणी आणि मतदान यात महिने जातात. चैत्र-वैशाखात बायका परतल्या की लगेच अर्ज दिला तर पुन्हा टोळ्या निघायच्या आत मतदान होण्याची आशा असते. आणि त्याच्या कितीतरी आधी, मतदार यादीच्या दुरुस्तीचे दिवस असतात तेव्हा, गटाच्या बैठकीत यादी मोठ्यानं वाचायची. कोण आहे, कोण सासरी गेली, कोण वारली. हे काम मोर्चासारखं दिसत नाही, त्याचा फोटो पेपरात येत नाही. पण जिंकायची गावं इथंच जिंकतात.

दुकान बंद झालं की दोन गोष्टी होतात, दोन्हींची तयारी ठेवावी लागते. एक म्हणजे दारू दुसऱ्या वाटेनं येते. आपल्या देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवटला तेलंगणाची शीव लागलेली. उदगीर, देवणी, निलंग्याला कर्नाटकाची. पलीकडं बीदरमध्ये २००७ साली सराई बंद झाली, पण कंपनीची बाटली चालूच राहिली. जी एकेकाळी एकाच राज्यातली गावं होती, ती आता तीन कायद्यांत वाटली गेलीत, आणि चोरट्या दारूला शीव नसते. म्हणून शिवेवरच्या गटांनी पलीकडच्या गटांशी ओळख ठेवलेली बरी. लेकी-सुना दोन्हीकडं दिलेल्याच आहेत. गावातल्या अवैध विक्रीवर लक्ष ठेवायला २०१६ च्या कायद्यानं ग्रामसभेला ग्रामरक्षक दल करता येतं. ते कागदावर राहतं का कामाला लागतं, हे ग्रामसभेत बायका किती बसतात त्यावर ठरतं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज पितो, त्याची दारू एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, नसलेली माणसं दिसायला लागतात, कधी आकडी येते. यात जीवही जाऊ शकतो. तेलंगणात शिंदीत झोपेच्या औषधांची भेसळ होते. २०१५ साली तिथं धाडी पडून ती भेसळीची शिंदी मिळेनाशी झाली, तेव्हा निजामाबादकडं असे रोगी दवाखान्यात आणावे लागले. निजामाबाद म्हणजे बिलोली-धर्माबादच्या पलीकडचाच जिल्हा. तेव्हा अशा माणसाला भूत लागलं, नाटक करतो, असं म्हणून कोंडून ठेवू नका, देवऋष्याकडं नेऊ नका. सरळ सरकारी दवाखान्यात न्या आणि रोज किती प्यायचा, काय प्यायचा हे डॉक्टरला खरं सांगा. लाजू नका. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फुकट फोन नंबर आहे, तो गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा व्यसन हा आजार आहे हे म्हणणंच लोकांना नवं होतं. दारुडा म्हणजे वाया गेलेला, एवढंच लोक समजायचे. डॉ. अनिताताई स्वतः मनोविकारांच्या डॉक्टर. त्यांनी पेशंटबरोबर त्याच्या बायकोलाही समोर बसवलं, कारण आजार घरालाच झालेला असतो.

नोव्हेंबरात टोळ्या निघतील. ज्या गावांनी यंदा अर्ज द्यायचं ठरवलंय, त्यांनी मतदार यादीची प्रत तहसीलमधून आणून ठेवा. यादीत खाडाखोड करायच्या आधी तिची एक झेरॉक्स काढा. पुढच्या बुधवारी याच वेळेला आपण अर्जाचा मसुदा वाचून दाखवणार आहोत, तेव्हा वही-पेन घेऊन बसा.